कागदाची चटई

सांगलीलगतचे माधवनगर हे विणकामासाठी ओळखले गेलेले गाव. मागावर आधी उभे धागे ताणून बसवतात, तो ताणा. त्यांतून धोटा जो आडवा धागा नेतो, तो बाणा. एका फेरीत ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, पुढच्या फेरीत उरलेले निम्मे. साधे कापड एवढ्याच युक्तीवर विणले जाते, आणि हीच युक्ती पाच-सहा वर्षांच्या मुलाला घोटीव कागदावर शिकवता येते.

कागद मधोमध दुमडून घडीकडून सारख्या अंतरावर चिरा द्याव्यात. कडेला दोन बोटे जागा सोडावी. कागद उलगडला की ताणा तयार होतो. दुसऱ्या रंगाची पट्टी त्यातून एकीवरून, एकीखालून अशी न्यावी. पुढची पट्टी नेताना क्रम उलटा धरावयाचा, आणि लहान मूल नेमके येथेच चुकते. दुसरी पट्टी पहिलीच्याच वाटेने गेली, तर दोन्ही मिळून एकच रुंद पट्टी दिसते. चौकटी उमटत नाहीत. मूल थबकते, निरखते, पट्टी ओढून काढते आणि पुन्हा घालते. सम आणि विषम म्हणजे काय, हे त्याला पाटीवर कळण्याआधी बोटांना कळलेले असते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली. कागद विणण्याचे काम त्याच्या शिक्षणपद्धतीत होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. तेव्हा घोटीव कागदच हवा असेही नाही. जुन्या दिनदर्शिकेचे पान चालते, उलट जाड असल्याने अधिक बरे.

परंतु शाळेत प्रदर्शन भरावयाचे ठरले, की एक विपरीत गोष्ट घडते. धाकट्याची चटई वाकडी दिसते म्हणून थोरली बहीण ती घरी पुरी करून देते. कधी शिक्षकही हात फिरवतात. भिंतीवर सुबक चटई लागते खरी, पण ती ज्याच्या नावाने लागते त्याला दुसरी पट्टी कशी घालावी हे ठाऊकच नसते! हे साहाय्य नव्हे, ही त्याच्या वाट्याच्या कामाची चोरी होय. थोरल्यांनी कात्री सांभाळावी, कागदाचा कोपरा धरावा. पट्टी चुकली तर ‘शेजारची पट्टी वरून गेली की खालून?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत हात मागे ठेवावा. प्रदर्शनात फटी राहिलेली चटईही लावावी. तिच्या शेवटच्या ओळी पहिल्या ओळींपेक्षा बहुधा सरळ असतात.