बाळाच्या सुंतेची घाई कोणासाठी?




आमच्या नात्यागोत्यात हल्ली मुलाची सुंता बाळंतपणाबरोबरच उरकून घेतात. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी कोणीतरी म्हणतं, "आत्ताच करून टाका, बाळाला काय कळतंय?" बाप सही करतो. टाके ओले असलेल्या आईला विचारलंच, तर सगळ्यात शेवटी. मी मुसलमान आहे, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात शाळेत शिकवते, आणि या घाईला माझा स्पष्ट विरोध आहे.

"बाळाला कळत नाही" ही समजूत साफ चुकीची आहे. १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठे डॉक्टरही तसंच मानत आणि तान्ह्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया करत. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली ऑक्सफर्डमधून दाखवून दिलं, की नीट भूल दिली तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो. बाळाला पुढे आठवत नाही, एवढंच खरं. पण आठवणार नाही म्हणून दुखवायची मोकळीक मिळत नाही.

पाच-सात वर्षांच्या पोरांची सुंता सुट्टीत करायची रीत अजून आहे. गळ्यात हार, अंगावर नवे कपडे, दारात मांडव. मग दोघं-तिघं त्याला धरून बसवतात आणि नेमक्या क्षणी सांगतात, "वो देख, सोने की चिडिया!" पोरगं मान वर करतं. पुढचे काही दिवस ते लुंगी चिमटीत धरून, अंगापासून लांब ठेवत, पाय फाकून चालत असतं. त्या चिडियेचाच मला राग आहे. पोर "नाही" म्हणेल हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून तर त्याला वर बघायला लावतो. तान्ह्याच्या बाबतीत तेवढंही करावं लागत नाही.

धर्माने ही घाई सांगितलेली नाही. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, तिचा आधार हदीस आहे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्या मजहबात ती वाजिब, म्हणजे बंधनकारक. आपल्या वऱ्हाडातले बहुतेक सुन्नी हनफी, आणि हनफी मतात ती सुन्नत आहे, म्हणजे पाळावी अशी रीत, पण वाजिब नाही. ठरावीक दिवस घालून दिलेला नाही. बेने इस्रायल ज्यूंना आठव्या दिवसाचं बंधन आहे. पण दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, हे त्यांच्या तालमूद या धर्मग्रंथातही आहे. लेकराच्या जिवापुढे तिथेही विधी थांबतो.

वैद्यकीय फायदे नाहीत असं मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. पण हा फायदा वयात आल्यानंतरचा. तेव्हा मुलगा स्वतः ठरवू शकतो. तान्हेपणी लघवीच्या संसर्गापासून थोडा बचाव होतो, हेही खरं. तरीसुद्धा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सगळ्याच बाळांची सरसकट सुंता करा, असं सांगितलं नाही. आणि घाईत एक गोष्ट सुटू शकते. काही बाळांच्या लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. ते दुरुस्त करताना सर्जनला बऱ्याचदा सुंतेत कापली जाते तीच कातडी लागते.

बंदी मात्र मला नको. २०१२ साली कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली; त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेने अटी घालून परवानगीचा कायदा केला. केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ साली बंदीची याचिका फेटाळली. पोलिसाच्या धाकाने सुंता मागच्या खोलीत जाईल, थांबणार नाही. मुलींच्या खतन्याचं, म्हणजे सुंतेचं, तसं नाही. त्यात फायदा एकही नाही, दाऊदी बोहरा बायकाच त्याविरुद्ध बोलताहेत, आणि २०१७ पासून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे बंदीच हवी.

लेकरांना दुखवण्याचा हा प्रश्न फक्त आमच्याच समाजाला विचारणाऱ्यांनी मेळघाटाकडेही बघावं. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरीत २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिले गेले. ते बरं व्हावं म्हणूनच दिले होते. माया सगळ्याच घरांत असते. लेकराच्या अंगावर हात टाकायला तेवढा दाखला पुरत नाही.

वाशिमला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी आणि आमच्या मशिदींच्या कमिट्यांनी एकत्र बसून एवढं ठरवावं: तपासणीशिवाय आणि भूल दिल्याशिवाय कोणाची सुंता नाही, सही आई-बाप दोघांची, आजाराचं कारण नसेल तर मुलगा कळता होईपर्यंत थांबायचं, काय होणार ते त्याला सांगायचं, आणि तो नको म्हणाला तर त्याला घरी न्यायचं.

आपली,
एक शिक्षिका,
मालेगाव (जि. वाशिम)