नोकरी लागल्याची बातमी होत नाही

रविवारी सकाळी आईचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, तुमच्याकडे पुन्हा मंदी येतेय म्हणे!" नाशिकला संध्याकाळच्या बातम्या नुकत्याच संपलेल्या असतात आणि इथे डॅलसमध्ये माझा पहिला चहासुद्धा व्हायचा असतो. मी म्हणतो, "काही नाही गं, सगळं ठीक आहे." तिला ते पटत नाही. आणि खरं सांगायचं तर 2022 संपताना मलाही पटत नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. फेडरल रिझर्व्ह एकामागून एक व्याजदर वाढवत होती. 2023 मध्ये मंदी येणार हे इतके जाणकार सांगत होते की प्रश्न फक्त कधी येणार एवढाच उरला होता. त्यात जानेवारीत गुगलने 12 हजार आणि मायक्रोसॉफ्टने 10 हजार लोक कमी करायची घोषणा केली. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही तेव्हा धड झोप लागत नव्हती.

आणि मग ती मंदी आलीच नाही. ज्या जानेवारीत या बातम्या अगदी शिगेला पोचल्या होत्या, त्याच महिन्यात बेरोजगारीचा दर 3.4 टक्के होता, 1969 नंतरचा सर्वांत कमी! पुढच्या जूनपर्यंत महागाईचा दर 3 टक्क्यांवर आला. (म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही हं, फक्त महाग होण्याचा वेग कमी झाला. दुकानाचं बिल बघून आजही जीव दडपतो.)

मग बातम्या खोट्या होत्या का? नाही. पण नोकऱ्या जातात त्या एकगठ्ठा, एका दिवशी, कंपनीच्या नावासकट. लागतात त्या एकेक करून, आणि त्याचं पत्रक कुणी काढत नाही. इथलं कामगार खातं दर महिन्याला आकडे देतं. 2023 मध्ये महिन्याला साधारण 15 ते 18 लाख लोक कामावरून कमी होत होते. ऐकून पोटात गोळा येतो ना? त्याच तक्त्यात नव्याने कामावर लागलेल्यांचाही आकडा असतो. तो महिन्याला 50 लाखांहून जास्त होता.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने एका मित्राला ऐकवलं होतं. त्याची नोकरी त्याच जानेवारीत गेली होती. तो शांतपणे म्हणाला, "तुझे आकडे तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडे 60 दिवस आहेत."

घरच्या मंडळींसाठी सांगतो, एच-वन बी व्हिसावर असताना नोकरी गेली की साधारण तेवढ्या दिवसांत दुसरी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल व्हावा लागतो, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मुलगी दुसरीत, गाडीचे हप्ते चालू. मी गप्प बसलो. त्याचं बरोबरच होतं. बुडणाऱ्याला नदीची सरासरी खोली सांगून काय उपयोग?

पण विसाव्या दिवशी तो परतीची तिकिटं बघायला लागला, तेव्हा मात्र मी त्याच्याशी भांडलो. कारण त्याने अर्ज करणंच थांबवलं होतं. "कुणीच घेत नाहीये" हे त्याला कुठल्या कंपनीने सांगितलं नव्हतं, रात्री दोनपर्यंत फोनवर बातम्या वाचून त्यानेच ठरवलं होतं. मग आम्ही चार-पाच जणांनी मिळून त्याचा रेझ्युमे नव्याने लिहिला. रोज दहा ओळखीच्यांना फोन करायचे असं ठरलं. 47 व्या दिवशी ओहायोतल्या एका लहानशा कंपनीने त्याला घेतलं. पगार कमी, आणि थंडी अशी की विचारू नका. सगळ्यांचं असं होत नाही. आमच्यातलाच एक जण खूप धडपड करून शेवटी पुण्याला परतला. त्याला मी कोणत्या तोंडाने आशावाद शिकवणार?

म्हणून माझा आशावाद अगदी साधा आहे. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा, जुन्या सहकाऱ्यांशी ओळख टिकवायची, बातम्या दिवसातून एकदा वाचायच्या आणि घाबरून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. हे मी अनुभवाने शिकलो. जुलै 2023 मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा इथल्या भारतीय दुकानांत झुंबड उडाली. मीही रांगेत उभा राहून वीस-वीस पाउंडांच्या तीन पिशव्या आणल्या. आमच्या दोघांच्या संसारात! दुकानात तांदूळ पुढेही मिळतच राहिला आणि आमच्या तिसऱ्या पिशवीत किडे झाले.

हल्ली आईचा फोन आला की मंदीचं निघायच्या आत मीच विचारतो, कॉलनीत कुणाला नोकरी लागली का? गेल्या रविवारी कळलं, समोरच्या काकूंच्या सुनेला अंबडच्या एका कंपनीत लागली. मग पगार किती, मुलाला कोण सांभाळणार, यातच अर्धा तास गेला. फोन ठेवता ठेवता तिने विचारलंच, "तांदूळ आहे ना रे घरात पुरेसा?"