स्पोर्ट्स कारची चाके आणि आपला कणा

कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या रस्त्यांवर अवजड ट्रकांची वर्दळ असते. तिथे रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला मोठे अलॉय, पातळ टायर आणि कडक स्प्रिंग बसवण्याआधी कंबरेला विचारावे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ हेलकाव्यांना सर्वाधिक थरथरतो. साध्या गाडीचे सस्पेन्शन १ ते दीडच्या आसपास असते. ते जितके कडक कराल, तितके त्या घातक गतीकडे सरकते. शिवाय जड चाक खड्ड्यावरून उसळले, की पकडही सुटते. हौसेला मोल नसते, मान्य! पण फॉर्म्युला वनच्या गाड्यासुद्धा २०२१ पर्यंत १३ इंची चाकांवर, जाडजूड टायरांवर धावल्या. खर्च करायचाच, तर आधी उत्तम टायर घ्या, मग चांगले शॉकअप. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे मात्र नकोच.