बाळंतविडा नेमका कोणाचा?

बारशाच्या निमित्ताने बाळंतिणीला व तिच्या मुलाला जो आहेर केला जातो, त्याला बाळंतविडा म्हणतात. या शब्दात बाळंतीण पुढे आहे, मूल तिच्यामागे आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी ही मुलाची. परंतु डिंक, अळीव, खारीक, खोबरे, तूप, ओवा, बाळंतशेपा हा सारा सरंजाम आईच्या पोटासाठी. प्रसूतीने झिजलेले शरीर भरून आले पाहिजे, हा व्यवहार जुन्या बायकांना पुरता कळलेला होता. या प्रथेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिचा भार बहुतांशी माहेरावर पडे, तीत मानपान शिरला, मुलगी झाली की आहेराचा हात आखडे. आणि ज्या घरात भाकरीचीच भ्रांत, त्या घरी डिंकाचा लाडू कोठून येणार?

तो यावा ही जबाबदारी समाजाच्या वतीने सरकारने उचलावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विधिमंडळात 1928 साली प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे व म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने सोसला पाहिजे, अशी भूमिका मांडली होती. 1929 च्या कायद्याने भार कारखानदारावर टाकला. पुढे 1961 चा कायदा आला आणि 2017 साली पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण ही रजा नोकरदार स्त्रीची. शेतमजुरीला जाणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या स्त्रीला रजा देणार कोण?

तिच्यासाठी 2013 चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आहे. नोकरीत असे लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये मिळावेत, असे त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. चार वर्षांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, ती 5,000 रुपयांची आणि केवळ पहिल्या अपत्यापुरती. उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी सहा हजार भरतात, असा सरकारी हिशेब आहे. महाराष्ट्रात त्या दुसऱ्या योजनेचे ग्रामीण स्त्रीला मिळतात 700 रुपये, आणि तेही दारिद्र्यरेषेखालील वा अनुसूचित जाती-जमातींतील असेल तरच. बेरीज कोणीही करून पाहावी. 2022 पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये दिले जातात. मुलीचे स्वागत व्हावे हा हेतू योग्यच आहे. पण दुसऱ्या खेपेला मुलगा झालेल्या आईचे रक्त काही कमी खर्च होत नाही. तिसऱ्या खेपेची आई तर सर्वांत अधिक खंगलेली, आणि तीच यादीबाहेर! कायद्यात असलेला ‘प्रत्येक’ हा शब्द योजनेत येईपर्यंत गळून पडला आहे. शिवाय 2013 चे सहा हजार आजही सहा हजारच आहेत. या काळात तुपाचा भाव कोठून कोठे गेला, हे गृहिणींना सांगावयास नको.

हप्ते मिळण्यासाठी वेळेवर नोंदणी, तपासणी, जन्माची नोंद आणि मुलाच्या लसी या अटी आहेत. अटी गैर नाहीत. परंतु त्या एका जागी राहणाऱ्या स्त्रीला गृहीत धरतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, नोंदणी सासरच्या अंगणवाडीत आणि आधारपत्रावर बहुधा लग्नापूर्वीचे नाव, अशी त्रेधा असते. बीडची ऊसतोड कामगार स्त्री दिवाळीच्या सुमारास गाव सोडते ती उन्हाळा लागल्यावर परतते. तिचे दिवस फडात भरतात आणि तिचे कार्ड गावात राहते.

वस्तुरूपाने द्यावे म्हटले, तर तेथेही आईचा विसर पडलेला दिसतो. महाराष्ट्राने 2019 साली सरकारी रुग्णालयांत पहिल्या प्रसूतीनंतर सुमारे 2,000 रुपयांचा संच देण्याची योजना आणली. त्यात कपडे, गादी, मच्छरदाणी, तापमापक अशा उपयोगी वस्तू आहेत, पण त्या बहुतेक बाळाच्या. तामिळनाडूने रोख साहाय्याबरोबर गरोदरपणातच पोषणसंच देण्यास सुरुवात केली. त्यात तूप, खजूर, लोहाचे औषध आहे. म्हणजे आपल्या आजीबाईंच्या यादीशी त्याचे बरेच जुळते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील 52 टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संचाचे मोल कळते.

महाराष्ट्राला यासाठी फार दूर पाहण्याचेही कारण नाही. 2015 पासून येथील आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. भाकरी, भात, डाळ, भाजी आणि गुळशेंगदाण्याचा लाडू तिच्या ताटात पडतो, तो घरातल्या कोणाच्या वाट्याला जात नाही. स्वयंपाकाचा निधी वेळेवर पोहोचला तर ही व्यवस्था चालते, एवढे दहा वर्षांत दिसले आहे. ती आदिवासी तालुक्यांच्या सीमेवर अडवून ठेवण्याचे कारण काय? साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीच्या तळांवर असे एक ताट पुरविणे अवघड नाही. तळ कोठे पडतात हे कारखान्याला ठाऊक असते. त्यांत गरोदर स्त्रिया किती, याची मोजणी गाळप सुरू होण्यापूर्वी करून घेता येईल.