पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची मोटार

संवत्सरी प्रतिक्रमण आटोपून आम्ही उपाश्रयातून घरी परतत होतो. कर्जतचा पाऊस त्या दिवशी उघडीप द्यायला तयार नव्हता. दोघांत छत्री एकच, त्यामुळे सतरा वर्षांचा नातू अगदी खांद्याला खांदा लावून चालत होता. वाटेत भेटेल त्याला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत आम्ही बाजारपेठ ओलांडली आणि त्याने हळूच विचारले, “दादाजी, आपण आत्ता चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली. माझ्या गेममध्ये मी जी माणसं मारतो, ती त्यात येतात का?”

प्रश्न थट्टेचा नव्हता. मी “विचार करून सांगतो” म्हणालो आणि तेवढ्यापुरती सुटका करून घेतली. घरातील वडीलधाऱ्यांचा अशा वेळचा ठरलेला मार्ग म्हणजे संगणकाची वायर काढून घेणे. परंतु स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचे पच्चक्खाण दुसऱ्याला देणे फार सोपे असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढील पंधरा-वीस संध्याकाळी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि तो खेळ पाहिला.

खेळाचे नाव ‘माफिया’. चेक प्रजासत्ताकातील बर्नो या शहरातील इल्यूजन सॉफ्टवर्क्स या संस्थेने तो २००२ साली काढला. आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, तेच हे वर्ष. आमच्या घरचा संगणक जुना, म्हणून खेळही जुना. कथा १९३० च्या सुमारास अमेरिकेतील एका कल्पित शहरात सुरू होते. टॉमी अँजेलो नावाचा साधा टॅक्सीचालक एका रात्री पळून जाणाऱ्या दोन गुंडांच्या हाती सापडतो आणि पायरीपायरीने त्यांच्याच टोळीचा माणूस बनतो. खेळणारा म्हणजे तोच टॉमी. त्याची मोटार आपण चालवायची, त्याचे पिस्तूलही आपणच झाडायचे.

या खेळाची एक गंमत आहे. टोळीचा माणूस असूनही त्याला वाहतुकीचे नियम पाळावे लागतात. ताशी चाळीस मैलांहून अधिक वेग झाला किंवा लाल दिवा ओलांडला की पोलीस मागे लागतात आणि दंड वसूल करतात. चाळीस मैल म्हणजे सुमारे चौसष्ट किलोमीटर. आपल्या द्रुतगती मार्गावर बोरघाटात मोटारींना ताशी ६० ची मर्यादा आहे, जवळजवळ तितकेच. त्या काळच्या मोटारी चढावर दमतात, वळणावर झोल खातात. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर सिग्नलला थांबत थांबत जावे लागते. नातू सिग्नलला थांबला की मला नकळत बरे वाटे, हे कबूल करतो.

खोपोलीहून त्याचा एक महाविद्यालयीन मित्र येतो. त्याला हा खेळ मुळीच पसंत नाही. तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा भक्त. दोघांचा वाद मी चहाच्या कपाबरोबर ऐकत असे. मित्राचे म्हणणे असे की, खऱ्या आयुष्यात सिग्नलला थांबतोच, मग खेळातही थांबायचे तर खेळायचे कशाला? “आपण इमॅजिकाला जातो, ते पडायची भीती वाटावी पण पडू नये म्हणून. रोलर कोस्टरच्या वाटेत कोणी खालापूरचा टोल नाका ठेवतं का?” युक्तिवाद बिनतोड वाटला. त्याच्या आवडत्या मालिकेलाही खरेपणाचा मोह झालाच होता. २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये नायक फार खाऊ लागला की लठ्ठ होतो आणि त्याला व्यायामशाळेत धाडावे लागते. २००८ च्या चौथ्या भागात तर नायकाचा चुलतभाऊ वारंवार फोन करून ‘चल, बोलिंग खेळायला’ म्हणतो आणि खेळणारे वैतागतात. नातेवाइकांच्या फोनचा कंटाळा सातासमुद्रापारही असतो, एवढे ज्ञान मला त्यातून झाले.

नातवाचे उत्तर निराळे होते. तो म्हणाला, गाडी संथ चालते म्हणूनच पाठलाग सुरू झाला की पोटात गोळा येतो. मला आपले स्थानक आठवले. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिने लागतात, तोवर प्रवाशांचा वडा खाऊन होतो. तो खोळंबा आहे म्हणून घाट हा घाट वाटतो. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्याला आपण सह्याद्री चढलो हे कळतही नाही. या खेळाची २०२० साली नवी आवृत्ती निघाली, तीत वाहतूक पोलिसांचा कडकपणा हवा की नको हे खेळणाऱ्यानेच निवडायचे, असे मित्राने विजयी मुद्रेने सांगितले. म्हणजे वाद निर्मात्यांनाही सुटलेला नाही. त्यांनी तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला. व्यापारी म्हणून मला ही युक्ती परिचयाची आहे.

वाद मोटारीभोवतीच फिरत होता आणि मलाही तो मजेचा वाटत होता. मग एका संध्याकाळी तो प्रसंग आला. टॉमीला पहिल्या-पहिल्या कामगिऱ्यांपैकी एक मिळते ती हप्तावसुलीची. गाडी घेऊन ठिकठिकाणी जायचे. साथीदार आत जातात, टॉमी बाहेर गाडीत बसून राहतो. नातू जांभई देत म्हणाला, “हा भाग जरा बोअर आहे, दादाजी. पुढे मोटेलवर मारामारी आहे, तिथे मजा येते.”

मला मात्र तो भाग बोअर झाला नाही. आयुष्य दुकानात गेले आहे. गल्ल्याच्या अलीकडची बाजू मला ठाऊक आहे. १९९० नंतरच्या दशकात मुंबईत खंडणीचे फोन येत, त्या काळी माझ्या एका आप्तांचे तिथे कापडाचे दुकान होते. दूरध्वनी खणखणला की ते आधी घड्याळाकडे पाहत, मग मुलाकडे, आणि चौथ्या-पाचव्या घंटेला उचलत. बिल्डर, चित्रपट-निर्माते, सोन्या-चांदीचे व्यापारी, कोणाला फोन आला याची कुजबुज बाजारात फिरे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत गुलशन कुमार यांची दिवसाढवळ्या हत्या झाली, तेव्हा आमच्या त्या आप्तांनी दोन दिवस दुकान उघडले नव्हते. पुढे १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा आला. आपल्या समाजातील कितीतरी घरे त्या वर्षांत अशीच फोनच्या भीतीने जगली आहेत. वाचकांपैकी काहींना नावानिशी आठवत असेल.

तर पडद्यावर टॉमी गाडीत बसला आहे, पाऊस पडतो आहे, आत काय चालले आहे ते दिसत नाही. मी नातवाला म्हणालो, “आत माझ्यासारखा कोणीतरी आहे.” तो काही बोलला नाही. पण त्याने जांभई आवरली.

खरेपणाचा मुद्दा मला तेव्हा उलगडला. आपल्या खालापूर तालुक्यात चौकजवळ कै. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला एन. डी. स्टुडिओ आहे. ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला तिथे उभा राहिला होता. नातू लहान असताना आम्ही तो स्टुडिओ पाहायला गेलो होतो. त्याने एका भव्य भिंतीवर बोटाने टकटक केले, आतून पोकळ आवाज आला आणि तो खुदकन हसला. देसाईंची कला इतकी अस्सल की डोळ्यांना दगडच दिसे. टकटक करीपर्यंत शंका येत नसे. या खेळांतही रस्ते, पाऊस, मोटारींच्या बंपरची चमक हे सारे अस्सल असते. टकटक करून पाहायचे ते गल्ल्यामागच्या माणसावर. मित्राच्या खेळात पादचारी गाडीखाली आला की दोघे हसतात आणि गाडी पुढे जाते. तिथे आत काही नाही. ‘माफिया’त थोडे तरी आहे. टॉमीला एका तरुणीला ठार करण्याचा हुकूम होतो, तो तिला सोडून देतो. टोळीच्या हिशेबनिसाला मारायचे असते, त्यालाही कुटुंबासह निसटू देतो. हीच दया पुढे त्याच्यावर गुन्हा म्हणून लादली जाते.

थोडे आहे, असे म्हणालो, ते जाणूनबुजून. कारण हाच खेळ चाळीस मैलांच्या वर एक मैल गेला तर दंड मागतो, आणि एका हॉटेलात डझनभर माणसे लोळवून टॉमी बाहेर आला तर दुसऱ्या दिवशी त्याला कोणी विचारीत नाही. नियम लहानसहान बाबींत कडक, मोठ्या बाबींत ढिला. हसू नका; आपण कांदा-बटाटा कटाक्षाने वर्ज्य करतो आणि उधारीच्या व्याजात किती सैल असतो, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत पाहावे.

नातवाच्या प्रश्नाकडे आता आले पाहिजे. आपल्या आचार्यांना हा प्रश्न नवा नाही. यशोधर राजाची कथा हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त आहे, सोमदेवसूरींच्या इ.स. ९५९ च्या ‘यशस्तिलक’ चंपूत आहे, १२०९ मध्ये कन्नड कवी जन्नानेही ती गायिली. राजाला अशुभ स्वप्न पडल्याचे कळताच राजमाता देवीपुढे पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीव मारायला नकार देतो. शेवटी मध्यम मार्ग निघतो, पिठाचा कोंबडा करून त्याला कापायचे. रक्त नाही, जीव नाही. तरीही त्या एका कृत्यापायी आई आणि मुलगा दोघेही जन्मोजन्मी पशुयोनींत फिरतात आणि वारंवार मारले जातात. जन्नाच्या काव्यात तर तो कोंबडा इतका हुबेहूब साधला आहे की एक भूत त्यात शिरते आणि घाव बसताच कोंबडा ओरडतो. आजच्या भाषेत, त्याचे ग्राफिक्स फार उत्तम होते.

ही कथा सांगून मी नातवाला गप्प करू शकलो असतो. पण ती जशीच्या तशी त्याच्यावर लावणे मला न्यायाचे वाटले नाही. यशोधराला त्या पिठातून खऱ्या बळीचे फळ हवे होते. त्याचा संकल्प मारण्याचाच होता, पीठ ही पळवाट होती. माझ्या नातवाला कोणाचाही मृत्यू नको आहे, त्याला पुढची कथा हवी आहे. मग दोष कुठे बसतो? आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदणे अशी तीन दारे सांगितली आहेत. चित्रपट पाहणारा फार तर तिसऱ्या दारात उभा असतो. खेळणाऱ्याचे बोट मात्र बटणावर असते, म्हणून तो पहिल्या दाराच्या उंबऱ्याशी येतो. आणि बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण व्रतात अपध्यान येते, म्हणजे कारणावाचून मनात दुष्ट चिंतन घोळवणे. मी नातवाला म्हणालो, “पडद्यावरच्या माणसांना जीव नाही, त्यांची क्षमा मागायची गरज नाही. पण ती पडली तेव्हा तुला काय वाटलं, ते तुलाच माहीत. मजा वाटली असेल, तर तेवढ्याचं मिच्छामि दुक्कडं म्हण.”

तो बराच वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, “कधी वाटली, कधी नाही. मोटेलवर वाटली.”

मला हे उत्तर संगणकाची वायर काढून कधीच मिळाले नसते. तरीही, वायर न काढण्यात माझी चूक झाली असेल, असे काही वाचक म्हणतील. त्यांची पत्रे मी वाचीन. माझे मत इतकेच की घरात एखादा असा खेळ येणारच असेल, तर तो सिग्नलला थांबवणारा, कंटाळा आणणारा आणि शेवटी हिशेब मागणारा असावा. मुंबईच्या गल्ल्यांवर बेतलेल्या ‘मुंबई गलीज’ या खेळाची घोषणा गेमइऑन या मुंबईच्याच संस्थेने काही वर्षांपूर्वी केली आहे. खोपोलीचा मित्र त्याची वाट पाहतो आहे. त्यात मुंबईची वाहतूक किती खरी असेल याची त्याला उत्सुकता आहे, मला त्यातल्या दुकानदारांची.

‘माफिया’चा शेवट असा आहे. टॉमी टोळीविरुद्ध साक्ष देतो, शिक्षा भोगतो, नाव बदलून राहतो. बऱ्याच वर्षांनी म्हातारपणी तो अंगणातील हिरवळीला पाणी घालीत असतो, दोन अनोळखी माणसे मोटारीतून येतात आणि त्याला गोळ्या घालतात. नातू त्या रात्री नीट जेवला नाही.

गेल्या आठवड्यात त्याने मित्राकडून दुसरा भाग आणला. तो २०१० चा, नायक निराळा, शहर निराळे. रविवारी संध्याकाळी त्याने मला हाक मारली. नव्या नायकाला आणि त्याच्या जोडीदाराला पैशांसाठी एका म्हाताऱ्याला मारण्याची कामगिरी मिळाली होती. पत्ता दिलेला होता. म्हातारा कोण, हे नातवाने नाव ऐकताच ओळखले होते. पहिल्या भागात ती दोन माणसे कोण होती, हे आता कळत होते, आणि त्यांना त्या अंगणापर्यंत मोटारीने घेऊन जाण्याचे काम त्याच्याच हाती आले होते.

“दादाजी, याच्यासाठी मी इतके दिवस गाडी चालवली,” तो म्हणाला. सूर्यास्त जवळ आला होता, घरी चौविहार असतो, त्याच्या आईने जेवायला हाक मारली. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली, खेळ तिथेच थांबवला आणि उठला. आज बुधवार. गाडी अजून तिथेच उभी आहे.