न दुखणारा डाग



तुरीची कापणी झाली की चिंताकीच्या शिवारात टोकदार खुंटे मागे राहतात. अशाच एका शेतातून चालताना एका वृद्ध शेतकऱ्याच्या टाचेत खुंट शिरले. घरी आल्यावर सुनेने ओसरीवरील रक्ताचे ठसे पाहिले, तेव्हा कुठे ती गोष्ट त्याला कळली. "दुखलंच नाही, फादर, मग बघणार कशाला?" असे तो मला म्हणाला. त्याच्या दंडावर एक फिकट डाग होता. तो मी दोन वर्षे पाहत होतो आणि शिबे समजून सोडून देत होतो. कातडीवरील संशयास्पद डाग याजकाला दाखवावा, असा नियम लेवीयच्या १३ व्या अध्यायात आहे. (तेथील व्याधी म्हणजे केवळ आजचा कुष्ठरोग नव्हे, हे खरे.) येथे तर डाग याजकाच्या डोळ्यांपुढेच होता आणि याजकाला तो ओळखता आला नाही.

म्हणून आज कातडीविषयी लिहावयाचे ठरविले आहे.

आपल्याला दिसते ती वरची बाह्यत्वचा होय. पापणीवर ती कागदाहून पातळ, तर तळव्यावर एक मिलिमीटरहून अधिक जाड असते. तिच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्मतात, वर वर सरकतात, वाळतात आणि सुमारे चार आठवड्यांनी कोंड्याप्रमाणे झडून जातात. नांगर धरणाऱ्याच्या हाताचे घट्टे या थराचेच. कातडीला रंग देणारे द्रव्यही याच्या तळाशी तयार होते. मात्र या थरात रक्तवाहिनी नसते. वस्तरा जरासा घासला आणि रक्त आले नाही, तर तो येथेच थांबला असे समजावे.

खरा संसार खालच्या अंतस्त्वचेत आहे. चिवट तंतूंच्या जाळ्यात रक्तवाहिन्या, केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोके तेथे नांदतात. तव्याचा चटका, काट्याची बोच, तान्ह्या लेकराच्या गालाचा स्पर्श, हे सारे मुख्यतः येथूनच मेंदूला कळते. त्याखाली चरबीचा थर असतो. तो ऊब राखतो आणि मार सोसतो.

कुष्ठरोगाचा जंतू नेमका मज्जातंतूंत घर करतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांना तो १८७३ साली आढळला. त्याच वर्षी फादर डेमियन मोलोकाई बेटावरील रुग्णांच्या सेवेस गेले. पुढे १८८४ मध्ये कढत पाण्याने त्यांचा पाय पोळला, फोड आले, परंतु वेदना झाली नाही. त्यावरून त्यांनी आपला रोग ओळखला. बोटे या रोगाने आपोआप झडतात, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, पुष्कळशी हानी संवेदना गेलेल्या हातापायांना नकळत होणाऱ्या जखमांमुळे होते. घामाच्या ग्रंथीही मंदावतात. कातडी कोरडी पडून भेगाळते आणि भेगेतून जखम आत जाते.

तेव्हा फिकट किंवा तांबूस डाग असेल, त्याला खाज नसेल, तर डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने तेथे हलकेच स्पर्श करावा. स्पर्श कळला नाही तर सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. स्पर्श कळूनही डाग जात नसेल, तरी तो दाखवावाच. औषधे तेथे मोफत मिळतात. उपचार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो, आणि तो सुरू झाल्यावर संसर्गाचे भय लवकरच ओसरते. जंतू मरतात, परंतु फार दिवस गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. उशिराची किंमत ती हीच.

लपविण्याचे कारण लाज, हे मी जाणतो. विवाह मोडण्यास हा रोग कायद्याने कारण होऊ शकत असे. आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही तशी तरतूद होती. २०१९ साली ती काढून टाकण्यात आली. घराघरांतील कुजबुज मात्र कोणत्या कायद्याने काढावयाची?

त्या वृद्धाचे औषध आता पुरे झाले आहे. टाच अद्याप बधिर आहे. रोज सायंकाळी तो पाय पाण्यात भिजवितो, तेल लावतो, आणि नातू दिव्याजवळ बसून दोन्ही तळवे निरखतो. मऊ रबरी चपला त्याने आरंभी मिस्सेच्या दिवसांसाठी जपून ठेविल्या होत्या. सुनेने त्या शेतात घालावयास लावल्या.