किनारा मोजताना तिथीही पाहा

किनाऱ्याच्या धुपेचा विषय निघाला की एक आकडा हमखास पुढे येतो. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रे तपासली. त्यात देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजताना आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के. काम मोलाचे आहे. पण अमुक गावाच्या पुळणीवर दगडी बंधारा घालावा की नाही, हे त्यावरून ठरवू नये.

उपग्रहाला दिसते काय? पाणी अवरक्त किरण शोषून घेते, वाळू ते परतवते. त्यावरून संगणक दोहोंमधली सीमा आखतो. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा, सेंटिनेल-२चा १० मीटरचा. तरी हुशार गणिताने चूक १०-१५ मीटरपर्यंत खाली आणता येते.

मात्र ही सीमा त्या क्षणाची पाणरेषा असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात जुनाच: पौर्णिमेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा. आणि हे उपग्रह आपल्यावरून जातात ते नेहमी सकाळी अकराच्या सुमारास! म्हणजे पौर्णिमेच्या चित्रात समुद्र भरलेला, अष्टमीच्या चित्रात ओसरलेला. चाळीस मीटरला एक मीटर उतार असलेल्या पुळणीवर पाणी मीटरभर चढले, तर वाळूचा कणही न हलता पाणरेषा ४० मीटर आत येते. भरतीची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी पुळणीचा उतार ठाऊक हवा, आणि तो मे महिन्यात वेगळा, ऑक्टोबरात वेगळा. शिवाय लाटा वाळू ओढून नेतात त्या पावसाळ्यातच ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत.

भाकिते तर याहून नाजूक. शतकअखेर जगातील जवळपास निम्मे वालुकामय किनारे नाहीसे होऊ शकतात, असा अंदाज २०२० मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये छापून आला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात अँड्र्यू कूपर आणि सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली: मागे सरकायला जागा असेल तर पुळण समुद्र वाढला तरी टिकते. मागे भिंत असेल तर तिला जायला वाटच उरत नाही. बंधाऱ्याचा निर्णय म्हणूनच जपून घ्यायचा.

माझी मागणी साधी आहे. बंधाऱ्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत निदान तीन वर्षांची जमिनीवरची मोजणी जोडावी: पावसाळ्याआधी आणि नंतर, पक्क्या खुणेपासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत. लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन स्थापत्य शाखेचे विद्यार्थीही हे करतील. दगडांच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. उपग्रहाची रेषा देताना त्या चित्राची तारीख, भरतीची स्थिती आणि संभाव्य चूकही छापावी.

उधाणाचे पाणी ज्यांच्या ओट्याला लागते, त्यांना तीन वर्षे थांबा म्हणता येणार नाही, हे मान्य. तिथे आधी दगड पडू देत. पण सुरूच्या बनापुढच्या मोकळ्या पुळणीवर एवढी घाई कशाला?